प्रशासक बरा की नगरसेवक? (नाशिक, जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीआधी मिसळीवरून पेटलेला वाद)

गोदाकाठी (धागाकर्ता), रविवार, सकाळी ११.२०

मंडळी, आज कृषीनगरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारून आम्ही नेहमीचे तिघं मिसळीला बसलो होतो. महापालिका निवडणुकीचा विषय निघाला. आमच्यातला एक सातपूरला कारखान्यात क्वालिटी बघतो (तो इथेही असतो, येईलच आता). तो म्हणाला, "मार्च २०२२ ला मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक आहे, १२२ नगरसेवक घरी बसलेत. तुझं नेमकं काय अडलं ते सांग. नळाला पाणी आलं नाही? घंटागाडी आली नाही?"

तोंडात पाव असल्याचं निमित्त करून मी गप्प बसलो. खरं म्हणजे उत्तर नव्हतं. माझं काहीच अडलं नव्हतं.

घरी आल्यावर मात्र डोक्यात भुंगा. लोकशाही हवी कशासाठी? तिच्यामुळे कारभार चांगला होतो म्हणून? तसं असेल तर ज्या दिवशी कुणी साहेब तिच्यापेक्षा चांगला कारभार करून दाखवील, त्या दिवशी आपण मतदार ओळखपत्रं रद्दीत घालायची का? की कारभार बरा होवो नाहीतर वाईट, आपल्यावर कोण राज्य करणार हे ठरवण्यात आपला वाटा असणं ही मुळातच मोलाची गोष्ट आहे? म्हणजे झाड फळासाठी लावायचं, की अंगणात झाड असणं हेच हवंय?

एक उदाहरण टाकतो, सगळ्यांनी त्यावर बोलावं. आपल्याच जिल्ह्यातलं, देवळा तालुक्यातलं उमराणे. २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, पैसा मंदिराच्या कामासाठी. व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. सोबत नंदुरबारच्या खोंडामळीचीही.

आता फळावरच जायचं तर गावाला मंदिर मिळणार होतं, भांडण टळणार होतं, प्रचाराचा खर्च वाचणार होता. मग चुकलं काय?

सातपूर_शिफ्ट, रविवार, दुपारी १२.०५

आलो. माझी बदनामी चाललेली दिसतेय. पावाचं निमित्त कळलं होतं मला.

माझं म्हणणं साधं आहे. आमच्या लाइनवर पार्ट रिजेक्ट करायचा की पास, हे मतदानाने ठरत नाही. गेज लावतात. ज्याला गेज वाचता येतं तो ठरवतो. दोन हजार टन कचरा, धरणातलं पाणी, मलनिस्सारण हे सगळं गेज लावायचंच काम आहे. (दोन हजार हा आकडा हवेतला आहे, कुणी तेवढाच धरून बसू नका.)

२०१८ आठवतंय? तुकाराम मुंढे आयुक्त होते. फेब्रुवारीत आले. करवाढीवरून नगरसेवकांनी अविश्वास ठराव आणला, मुख्यमंत्र्यांनी सांगितल्यावर मागे घेतला, आणि नोव्हेंबरात बदली झालीच. लोक त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले होते. निवडून दिलेले एका बाजूला, निवडून देणारे दुसऱ्या बाजूला. लोकशाही नक्की कुठल्या बाजूला होती?

तर्री_वेगळी, रविवार, दुपारी १२.११

बसायला जागा धरली आहे. चालू द्या.

पारावरचा_प्राध्यापक, रविवार, दुपारी २.४०

जेवण झालं, आता सविस्तर लिहितो. वामकुक्षी गेली.

सातपूर_शिफ्ट, फळांच्याच हिशेबाने जायचं तर लोकशाहीची बाजू तुम्हाला वाटते तितकी लंगडी नाही. फक्त फळ कुठल्या फांदीला लागतं ते बघायला हवं. अमर्त्य सेन यांचं निरीक्षण प्रसिद्ध आहे: जिथे निवडणुका खऱ्या होतात आणि वर्तमानपत्रं मोकळी असतात, तिथे मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही. १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाताखालच्या बंगालात वीस-तीस लाख माणसं गेली. चीनमध्ये १९५८ ते ६१ या काळात कोट्यवधी गेली, आणि वरच्यांना खालून येणारे आकडे भरघोस पिकाचे होते. खरं सांगणाऱ्याची खैर नव्हती.

आता आपला ७२ चा दुष्काळ घ्या. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या घराघरांत अजून त्याच्या गोष्टी निघतात. खडी फोडली, सुकडी खाल्ली, लाल मिलो (परदेशी ज्वारी) पोटात ढकलला. हाल झालेच. पण बंगालसारखं झालं नाही. कामं निघाली, पाझर तलाव झाले, मोर्चे निघाले, आमदारांना विधानसभेत तोंड दाखवायचं होतं. वि. स. पागे यांच्या डोक्यातून आलेली रोजगार हमी तेव्हा राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पाऊस दोन्हीकडे रुसतो हो. रुसल्यावर सरकारला झोप लागते की नाही, फरक तिथे पडतो.

दुसरा मुद्दा गणिताचा. कोंडोर्से नावाच्या फ्रेंच माणसाने १७८५ मध्ये मांडलेला. हो किंवा नाही असा प्रश्न आहे, आणि प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा जराशीच जास्त, समजा ५१ टक्के. असे हजार जण असतील तर बहुमत बरोबर असण्याची शक्यता सुमारे ७३ टक्के होते. दहा हजार असतील तर ९७ च्या वर जाते. म्हणजे सामान्य माणसांची गर्दी तुमच्या एका गेजवाल्यापेक्षा शहाणी ठरू शकते.

सातपूर_शिफ्ट, रविवार, दुपारी २.५८

सर, आणि ५१ च्या जागी ४९ असेल तर?

पारावरचा_प्राध्यापक, रविवार, दुपारी ३.०२

तर तेच गणित उलटं फिरतं. गर्दी जितकी मोठी तितकी चूक पक्की. आणखी एक अट राहिली: प्रत्येकाने आपापल्या डोक्याने मत द्यायला हवं. सगळ्यांनी एकाच व्हॉट्सॲप फॉरवर्डवरून दिलं, तर ती दहा हजार मतं नाहीत, एकच मत दहा हजार वेळा मोजलेलं.

सातपूर_शिफ्ट, रविवार, दुपारी ३.१०

मग दिंडोरी लोकसभा २०२४ बघा. शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. नावात साम्य असलेल्या एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली. त्या अपक्षाने एक लाखाहून जास्त मतं घेतली! लाखभर माणसांनी माणूस आणि तुतारी यात गल्लत केली, आणि तुम्ही मला फ्रेंच गणित सांगताय. हलके घ्या.

कांदा_चाळ, रविवार, रात्री ८.१५

दिवसभर शेतात होतो, आत्ता वाचलं. दिंडोरीचं नाव निघालं म्हणून लिहितो, मी त्याच मतदारसंघातला. चांदवडकडचा.

आधी तुतारीचं. गल्लत झाली हे खरं. पण त्या लाखभर लोकांना कुणाला पाडायचंय ते पक्कं ठाऊक होतं. बोट चुकलं, राग चुकला नव्हता. आणि ज्याला पाडायचं होतं ते पडलंच की.

आता फळाचं. सर म्हणतात लोकशाहीचं फळ गोड. कुणाला गोड? ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली. का? शहरात कांदा महागला की सरकारं पडतात, हे दिल्लीत १९९८ ला सगळ्यांनी पाहिलंय. खाणारे जास्त, पिकवणारे कमी. मोजणी केली तर खाणारेच जिंकणार. म्हणजे तुमच्या लोकशाहीने अगदी नियमाने, बहुमताच्या भल्यासाठी, माझ्या चाळीतल्या मालाचं वाटोळं केलं. फळाच्या हिशेबाने मी लोकशाहीचा दुश्मन व्हायला पाहिजे.

पण बंदी उठली कधी तेही बघा. ४ मे २०२४. आमचं मतदान २० मे ला. सोळा दिवस आधी दिल्लीला आमची आठवण आली. शुल्क ठेवलंच वर ४० टक्के, पण आठवण आली. मतदान नसतं तर कुठल्या साहेबाला आली असती?

आणि उमराण्याबद्दल जरा दमानं घ्या. मी त्या गावचा नाही, पण बाजाराला जातो तिकडे. बाहेरून हसायला सोपं आहे. गावात निवडणूक म्हणजे काय असतं ते आम्हाला विचारा. आमच्याकडे मागच्या वेळी दोन चुलतभाऊ समोरासमोर उभे राहिले. अकरा मतांचा फरक पडला. त्यानंतर सामाईक विहिरीवरची मोटर एकाने बंद केली की दुसरा चालू करायचा, ते स्टार्टर जळेपर्यंत. आजही एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पाच वर्षं दारू, मटण, पाकिटं यात जो पैसा जातो तो असाही जातोच. लिलावात निदान तो देवळाला तरी लागतो. बिनविरोध करा म्हणून तर पुढारीच सांगत फिरतात. बिनविरोध म्हणजे काय असतं? कुणीतरी कुणालातरी काहीतरी देऊन बसवलेलंच असतं. उमराण्यात ते माईकवरून झालं एवढंच.

तर्री_वेगळी, रविवार, रात्री ८.३१

"बोट चुकलं, राग चुकला नव्हता." दंडवत घ्या.

पंचवटीची_वकील, रविवार, रात्री १०.०५

कांदा_चाळ दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विहिरीच्या स्टार्टरपुढे माझं कायद्याचं ज्ञान फिकं आहे, तरी लिहिते.

आधी सातपूर_शिफ्ट यांना. तुम्ही समजता की प्रशासक म्हणजे राजकारण नाही. प्रशासकाला नेमतं कोण? राज्य सरकार. उत्तर कुणाला देतो? मंत्रालयाला. मुंढे साहेबांची बदली कुणी केली? त्याच मंत्रालयाने. राजकारण गेलं नाही हो, महापालिकेच्या राजीव गांधी भवनातून उठून मुंबईला गेलं, इतकंच. नगरसेवक निदान चौकात सापडतो. आणि राज्यघटनेच्या २४३ (यू) मध्ये स्पष्ट आहे की पालिकेची मुदत पाच वर्षं, ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात ती लटकली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. "कारभार बरा चाललाय" हे मुदतवाढीचं कारण घटनेत कुठेही नाही.

आता उमराणे. त्या लिलावात बोली कुणी लावली असेल? ज्याच्याकडे लाखो होते त्याने. जी बाई रोजाने कांदा निवडायला जाते, तिच्या वाट्याला टाळ्या. मतदानात मात्र तिचं एक आणि बोली जिंकणाऱ्याचं एक. मंदिर बांधून झालं तरी तिच्याकडून काय घेतलं गेलं, ते परत येत नाही. आणि गावाने एकमताने केलं म्हणाल, तर माझा मताधिकार गावाच्या मालकीचा नाही. गावकीला तो विकता येत नाही, देवासाठीसुद्धा नाही.

आपण नाशिककरांनी तर हे विसरू नये. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला. मंदिरात जाऊन आपले प्रश्न सुटणार नाहीत हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे फळाचा हिशेब त्यांनी आधीच केला होता, आणि उत्तर जवळजवळ शून्य होतं. तरी लोक उभे राहिले, मार खाल्ला. दार आपल्याला बंद आहे, हीच तक्रार होती. आत प्रसाद मिळतो की नाही हा मुद्दाच नव्हता.

१९१९ मध्ये मताधिकार कुणाला द्यायचा ते बघणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सत्तेचं पद धारण करण्याचा हक्क, या दोन हक्कांवर नागरिकत्व उभं असतं, असं त्यांनी तिथे मांडलं. तेव्हा मताधिकार शेतसारा आणि कर भरणाऱ्यांपुरता होता. "ज्याला गेज वाचता येतं तोच" ही भाषा तेव्हाही होती, फक्त गेज सातबाऱ्याचं होतं.

पारावरचा_प्राध्यापक, रविवार, रात्री १०.४०

वकीलताई, उत्तम. पण बाबासाहेबांना एकाच पारड्यात बसवू नका. २२ डिसेंबर १९५२ ला पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी लोकशाहीची व्याख्या केली, ती सरळ फळाची आहे: लोकांच्या आर्थिक आणि सामाजिक जीवनात क्रांतिकारक बदल रक्तपाताशिवाय घडवून आणणारी शासनपद्धती. बदल झाले पाहिजेत. नुसतं मत देऊन चालणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण तर आपण शाळेपासून ऐकतो: राजकारणात समता आणि समाजात विषमता, हा विरोध लवकर मिटवला नाही तर लोकच हा डोलारा उधळतील. मुळातलं मोल मानणारा माणूस असा इशारा का देईल?

पंचवटीची_वकील, रविवार, रात्री १०.५२

कारण दोन्ही मानणारा माणूस असा इशारा देतो, सर. आई हवी ती स्वयंपाक करते म्हणून नाही. पण घरात महिनाभर चूल पेटली नाही तर घर टिकत नाही, हेही खरंच.

नाणेफेक, रविवार, रात्री ११.३०

काडी टाकून झोपतो.

समान मान एवढंच हवं असेल तर निवडणुका कशाला? सोडत काढा. पूर्ण समान, पैसा चालत नाही, प्रचार नाही, भावकीत भांडण नाही. तामिळनाडूत उत्तरमेरूरला हजार वर्षांपूर्वी गावसभेचे सदस्य मडक्यात चिठ्ठ्या टाकून निवडत, शिलालेख आहे. आपल्याकडेही प्रभागाचं आरक्षण सोडतीनेच ठरतं, शाळेतलं पोरगं चिठ्ठी काढतं. मग नगरसेवकही तसाच काढा.

हे ऐकून पोटात गोळा आला असेल, तर कबूल करा की तुम्हाला फळाचीही पडलेली आहे. शुभ रात्री.

पारावरचा_प्राध्यापक, सोमवार, सकाळी ७.१०

नाणेफेक, ही काडी साधी नाही, यावर तत्त्वज्ञांनी भरपूर शाई खर्च केली आहे. एक बारीक दुरुस्ती: उत्तरमेरूरला चिठ्ठी कुणाचीही पडत नसे. जमीन, स्वतःचं घर, वय, विद्या अशा अटी होत्या. मडकं निःपक्षपाती होतं, मडक्यात कोण जाणार ते नव्हतं.

सिन्नरचे_मास्तर, सोमवार, दुपारी ४.२०

मी निवृत्त शिक्षक. तत्त्वज्ञान मला जमत नाही, पण निवडणुकीच्या ड्युट्या एकोणीस केल्या. त्यातली एक सांगतो.

केंद्र सिन्नरच्या पूर्वेला, शाळेच्या एका खोलीत. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर पन्नास मतांचं अभिरूप (चाचणीचं) मतदान घेतलं, ते पुसलं, यंत्र सील केलं, सातला सुरुवात. अकराच्या सुमाराला एक आजी आली. सत्तरीच्या पुढची, हातात काठी, पदराच्या गाठीला ओळखपत्र. पहिल्या अधिकाऱ्याने यादीत नाव शोधलं आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे एक वेगळी यादी असते, गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची. आजीचं नाव त्यात होतं. मयत.

मी हळू आवाजात प्रतिनिधींना सांगत होतो, तरी तिने ऐकलं. म्हणाली, "मंग ह्ये कोन उभं हाये?"

रांगेतली माणसं हसली. ती नाही हसली. तिने ओळखपत्र टेबलावर आपटलं आणि तिथेच ठाण मांडलं. नियमाप्रमाणे अशा मतदाराची ओळख नीट पटवायची, नोंदवहीत सहीसोबत अंगठाही घ्यायचा आणि मत देऊ द्यायचं. त्याला पाच-सात मिनिटं लागतात. मी म्हटलं, आजी बसा, पाणी घ्या. तर म्हणे, "बसत नाय. आधी लिव्हा, जित्ती हाये म्हनून."

तसा रकाना नसतो. मी शेऱ्यात "ओळख पटली" असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग अंगठा, शाई, यंत्राची शिट्टी. बाहेर पडताना तिने शाईचं बोट रांगेतल्या हसणाऱ्यांपुढे धरलं आणि गेली.

त्या केंद्रावर सातशेच्या आसपास मतदान झालं. तिच्या एका मताने निकालात काही फरक पडण्यासारखा नव्हता, आणि ते तिलाही कळत होतं. पण मी तिला "आजी, तुमच्या मताने काही होत नाही, घरी जा" म्हणालो असतो, तर काठी डोक्यात बसली असती.

पंचवटीची_वकील, सोमवार, दुपारी ४.४५

मास्तर, नमस्कार. यावरून आठवलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढली गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच लिहिलेलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की स्वतःचं नाव असेल तरच मतदार. तेव्हा टीका झाली, पण पुढच्या खेपेला नावं आली.

सातपूर_शिफ्ट, सोमवार, रात्री ९.००

मास्तरांच्या आजीपुढे मी काय बोलणार. तरी माझा प्रश्न तसाच आहे. आजीला मान मिळाला, चांगलं झालं. तिच्या गावाला पाणी मिळालं का? मान आणि पाणी यातलं एकच मिळणार असेल तर तीही पाणीच मागेल.

कांदा_चाळ, सोमवार, रात्री ९.२५

पाणी मागेल. पण ते मागायला कुठे जाईल? तुमच्या गेजवाल्याकडे? तिथं ती मयत आहे.

गोदाकाठी (धागाकर्ता), सोमवार, रात्री ११.१५

धागा काढून दोन दिवस नुसता वाचतोय. आता माझं.

कांदा_चाळ यांचं वाक्य वाचून मला आमच्या सोसायटीची आठवण झाली. आमचे चेअरमन कर्तबगार गृहस्थ. बैठका बोलावणं म्हणजे वेळेचा अपव्यय असं त्यांचं मत. गेल्या वर्षी त्यांनी सर्वसाधारण सभा न घेता मागची मोकळी जागा पेव्हर ब्लॉक टाकून पार्किंगला दिली. २२ गाड्यांची सोय झाली. रोजची हॉर्नबाजी थांबली. मी खूश, कारण माझी गाडी तेविसावी नव्हती. रविवारी मिसळीवर "माझं काय अडलं" याचा विचार करताना हेच डोक्यात होतं: काम झालं की नाही? झालं.

आज संध्याकाळी गाडी लावताना बघितलं. पेव्हर ब्लॉकच्या कडेला भिंतीवर खडूने तीन स्टंप काढलेत. पूर्वी तिथे पोरं क्रिकेट खेळायची. त्यांना विचारायचं कुणाला सुचलंच नाही. तळमजल्याच्या काकू तिथे वाळवणं घालायच्या, त्यांच्याकडे गाडी नाही. माझ्या हिशेबात निकाल उत्तम होता, कारण मी गाड्या मोजल्या होत्या.

सातपूर, तुझं गेज ठीक आहे. पण पार्टचं ड्रॉइंग कुणी काढलं? मिलिमीटर किती हवेत ते गिऱ्हाईक सांगतं ना तुला? शहराच्या बाबतीत गिऱ्हाईक कोण? साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची की नाही, यात कुंभमेळ्याची सोय मोजायची की सावली? ज्याला सोय मोजायची आहे त्याचा निकाल उत्तम येणार. हरकती घ्यायला लोक जमले तेव्हा कुठे सावलीही मोजायची असते हे कागदावर आलं. म्हणून मला वाटतं, "फळ चांगलं आहे का" हा प्रश्न विचारण्याआधीच "चांगलं म्हणजे काय हे कोण ठरवणार" इथे मत द्यावं लागतं. फळवाल्यांनाही मतपेटीच्या दारातूनच जावं लागतं.

उमराण्याचं उत्तर मात्र मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. वकीलताईंचं पटतं. पण जळालेला स्टार्टरही डोळ्यांपुढून हलत नाही.

सातपूर_शिफ्ट, सोमवार, रात्री ११.२८

ड्रॉइंगचा मुद्दा मान्य. पण ड्रॉइंग समितीने काढलं की काय होतं तेही बघितलंय मी. अर्धाच मान्य.

आणि सभा घ्या म्हणून चेअरमनला पत्र दे की आधी. इथे काय लिहितोस.

गोदाकाठी (धागाकर्ता), सोमवार, रात्री ११.३३

लिहिलंय. सह्या गोळा करतोय. २२ गाडीवाल्यांपैकी आत्तापर्यंत दोघांनी केली आहे, त्यातला एक मी.

तर्री_वेगळी, मंगळवार, सकाळी ८.००

मास्तर, एक विचारायचं राहिलं. त्या आजींचा उमेदवार आला का निवडून?

सिन्नरचे_मास्तर, मंगळवार, दुपारी १.१५

कुणाला दिलं ते मला कसं कळणार? आकडे माझ्याच सहीने गेले, पण त्यात तिचं मत कुठलं ते यंत्रालाही सांगता येत नाही.

पुढच्या निवडणुकीला त्याच केंद्रावर माझे एक सहकारी होते. त्यांना मुद्दाम विचारलं. म्हणाले, आली होती, काठी घेऊनच. यादीत पुन्हा मयत होती.